बोडीची पूर्वेकडची कड

बल्लारपूर

मे महिन्यात बल्लारपूरला उतरणाऱ्या माणसाला स्टेशनात तिकीट विचारत नाहीत, वारस कोण ते विचारतात. मी उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. चहावाल्यानं भांड्यात पाणी, साखर, पत्ती टाकली आणि स्टोव्ह न पेटवता भांडं नुसतं पत्र्यावर ठेवलं. उकळी आली. सांगलीला परतल्यावर ही गोष्ट मी सतरा जणांना सांगितली. सोळा जणांनी मान डोलावली. सतरावी माझी बायको होती.

माझी ओळख एवढीच की मी तीस वर्षं माती खणायचं पोकलेन चालवलं. त्या यंत्राच्या बकेटनं बसलेल्या कोंबडीखालचं अंडं काढलंय आणि कोंबडी उठली नाही. आता गुडघे संपले, म्हणून घरी असतो. कामावर असताना दोन उन्हाळे मी कुरखेडा तालुक्यात एक जुना तलाव खोल करायला होतो. तिथं वामनभाऊ भेटला. तो बल्लारपूरकडचा, कोळसा खाणीतला डंपरवाला, आणि ते गाव त्याची सासुरवाडी. सुट्टीत आला की तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून मला सल्ले द्यायचा. खाणीतल्या माणसाचा सल्ला म्हणजे सदैव खाली जाणारा. तेव्हापासूनची दोस्ती. दर वर्षी फोनवर म्हणायचा, "तुमचा तलाव पाहाले या ना जी, भरला हाय." या वर्षी गेलो.

त्याच्या घरी खाली दोन खोल्या, वर दोन, दारात अशोकाचं झाड, आत काचेच्या कपाटात बुद्धाची मूर्ती आणि दोन्ही पोरांच्या पदव्यांचे फोटो. त्याच्या बायकोनं, कांताबाईंनी, जेवायला वाढलं. भात, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी, आणि पुन्हा भात. आमच्याकडे पाहुण्याला भाकरी मोडून दिली की भात शेवटी चवीपुरता. इकडे भाताचा ढीग असा की पलीकडे बसलेला वामनभाऊ मला हात धुवायला उठल्यावरच दिसला.

"काऊन जी, भात नाई खात का तुमच्याकडे?" कांताबाईंनी विचारलं.

"खातो. पण त्यावर चढून नाही खात."

"मंग सांगलीची मानसं इतकी जाड कशानं होतेत?"

वामनभाऊ हसला तो डाळ नाकात जाईपर्यंत.

वाटेवर

पहाटेच निघालो, त्याच्या मोटारसायकलवर. दोघांचं वय मिळून सव्वाशेच्या पुढं, वजन त्याहून पुढं, दोनशे किलोच्या आसपास. बल्लारपूरच्या बाहेर पहिल्या पाळीची माणसं डबे लटकवून खाणीकडं आणि कागद गिरणीकडं चालली होती, सगळ्यांची तोंडं फडक्यानं बांधलेली. चंद्रपूर मागं टाकलं, मूल आलं. मूलच्या पुढं जंगलात वाघाचं चित्र काढलेली पाटी आहे आणि त्या पाटीच्या सावलीत वाघ बसला होता. वामनभाऊ म्हणतो कुत्रं होतं. मी मागं बसलो होतो, मला जास्त वेळ दिसलं.

वैनगंगेच्या पुलावर थांबून त्यानं खर्रा घोटला. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घेऊन तळहातावर इतका वेळ रगडायचा की तेवढ्यात आमच्याकडं एक विहीर बांधून होते. मी नको म्हटलं तर त्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. खाली नदी बारीक झाली होती. वाळूत बायका खड्डा करून पाणी काढत होत्या, आणि त्यांच्या डोक्यावरून नवीन रुंद पूल गेला होता. पूल इतका गुळगुळीत की त्यावर आम्ही गाडी बंद करून नुसते घसरलो असतो. एवढ्या रुंदीवर त्या वेळी आम्ही दोघं, एक बकरी, आणि लागोपाठ अकरा ट्रक. बकरी आमच्या बाजूला होती.

गडचिरोली, आरमोरी, आणि दुपारच्या आत ते गाव. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही.

तलाव

नऊ वर्षं मी सांगलीत या तलावाच्या गोष्टी सांगत आलोय. इतका खोल खणला की शेवटच्या बकेटला खालून कुणीतरी हात लावला, वगैरे. तेव्हा पाळीवर चढताना माझी छाती फुगलेली होती हे कबूल करतो. आणि तलाव खरंच भरलेला होता. मे महिन्यात. निळं, जड, हलत नसलेलं पाणी. सिमेंटच्या पायऱ्या, सौरदिवा, योजनेचं नाव रंगवलेला फलक, दोन बोटी, मध्ये तरंगणारे जाळीचे पिंजरे.

"काय म्हणतो तुझा सासरा?" मी वामनभाऊला म्हटलं. "जावयापेक्षा मी जास्त दिलं की नाही गावाला?"

मग मलाच दिसलं की काठावर कुणी नाही. माझ्या वेळी या तलावाच्या कडेला सकाळपासून ढीवरांच्या बाया कमरेइतक्या पाण्यात असायच्या. ढीवर म्हणजे इकडचे मासेमार. तिथला रिवाज असा की तलावाची कड बायांची आणि मधलं पाणी गड्यांचं. मध्ये पुरुष डोंगा आणि मोठं जाळं घेऊन जायचे, आणि कडेच्या गवतात बाया बांबूच्या हातजाळीनं झिंगे, शिंगी, मरळ धरायच्या. गड्यानं कडेला जाळं टाकलं तर त्याची बायको त्याला जेवायला वाढायची नाही. असा कायदा मी दुसरीकडं कुठंही पाहिला नाही. आमच्याकडं उसाच्या बांधावरून भाऊ भावाला कोर्टात नेतो.

"बाया कुठं गेल्या?" मी विचारलं.

"चाला, दाखवतो," वामनभाऊ म्हणाला.

पाळीच्या मागं पत्र्याची शेड होती. आत आठ-दहा बाया ओळीनं बसून मोठमोठे मासे कापत होत्या, साफ करून बर्फाच्या पेट्यांत भरत होत्या. दारात पिकअप गाडी उभी. त्यांच्यातली एक उठली, हातातला विळा खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहत राहिली.

"पोकलेनवाले भाऊ ना तुमी?"

ही शेवंताबाई. पन्नाशीची, काटक, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. माझ्या वेळी रोज दुपारी मशीनजवळ येऊन मूठभर भाजलेले झिंगे ठेवून जायची आणि मशीनला शिव्या द्यायची.

"अजून शिव्या देता का मशीनला?"

"आता कोन्या मशीनले देऊ? तुमी नेली ना थे." मग वामनभाऊकडं वळून, "जवाईबापू, पाव्हण्याले इथी काऊन आणलं? वास येते. घरी चाला."

तिच्या अंगणात मोहाच्या झाडाखाली बसलो. पाण्याआधी मला उत्तर हवं होतं. मी विचारलं, तलाव एवढा भरलाय, मासे एवढे आहेत, मग तुम्ही शेडमध्ये का.

"मासे हायेत ना भाऊ. लय हायेत. आमचे नाई." तिनं जमिनीवर बोटानं रेघ ओढली. "पयले कड अशी होती, उतरती. जाजा तं घोट्याएवढं पाणी, मंग गुडघा, मंग कंबर. गवत होतं, आपोआप उगवनारं देवधान होतं. तिथी झिंगा रायते, तिथी मरळ पिल्लं देते. तुमी कापली थे अशी." दुसरी रेघ उभी ओढली. "पयला पाय टाकला का गळ्याएवढं. आता तिथी कोन जाईन जाळी घेऊन?"

"मग बोट? सरकार बोट देतं की."

"देते. आधी आपलं पैसं टाका, बिल दाखवा, मंग अर्धं सरकार परत देते. ज्याच्यापाशी टाकाले हाय त्याले देते. माझ्यापाशी टाकाले काय हाय? जाळी?" ती हसली. "ज्याच्याघरी ट्रॅक्टर होता, त्याच्याघरी बोटी आल्या. वाईट मानूस नाई थो. आमाले कामावर ठेवलं ना त्यानं. पयले मी मासे विकत होती, आता मासे कापत राह्यली."

पाणी वाढलं होतं. मासे वाढले होते. फलकावरचं एक अक्षरही खोटं नव्हतं. सरकारनं पैसा आणला, तो मशीनमालकाकडं गेला, थोडा माझ्याकडं आला, उरलेला बोटीवाल्याकडं, आणि गाव एकूण श्रीमंत झालं. फक्त त्या एकुणात शेवंताबाई आधीपेक्षा खाली होती. ते मी स्वतःच्या हातानं, खूप सफाईनं केलं होतं.

बोडी

जेवायला मरळीचं कालवण होतं. ही मरळ कुठली विचारल्यावर कळलं, गावामागच्या बोडीतली. लहान तळ्याला इकडं बोडी म्हणतात. तिची पूर्वेकडची कड अजून उतरती आहे, गवताची आहे, आणि गावातल्या सहा बाया आळीपाळीनं तिथं जाळी लावतात. शेवंताबाईचा वार मंगळवार आणि शुक्रवार. बाकीचे दिवस शेड.

"दोन दिस तरी मी कोनाची नाई," ती म्हणाली.

आणि परवा बोडीवर पोकलेन येणार होतं. नवीन निधी, तीच योजना, तोच मशीनमालक.

"भाऊ, तुमाले मशीनवाल्यायची बोली येते. साहेबाची बी येते. तेवढी पूर्वेची कड सोडाले सांगा ना. मधात करा म्हणा काय करायचं थे."

"नाही सोडली तर?"

उत्तर वामनभाऊनं दिलं. गेल्या हिवाळ्याआधीच्या हिवाळ्यात शेडचं काम बंद होतं आणि बोडीही लवकर आटली, तेव्हा ती तेलंगणात मिरची तोडायला गेली होती. नदीपलीकडं, ट्रकमध्ये उभं राहून. दोन महिने. परत आली तेव्हा हातांची आग थांबावी म्हणून रात्रंदिवस ताकात हात बुडवून बसायची. तोंडाला हात लावायची सोय नव्हती, डोळ्यातलं पाणी पुसायची तर त्याहून नव्हती.

"मिरचीले मी नाई जात आता," शेवंताबाई म्हणाली. "मरन थे इथी मरन."

मी छाती ठोकून सांगितलं की कड सुटली असं समजा. पोकलेन तर माझ्या शब्दावर मागं सरकतं. ती म्हणाली, "अन् आनखी एक. मधात खणताना पिवळी माती लागली का थांबवजा. थे बोडीचं पोट हाय. बुढ्यायनं तुडवून तुडवून केलं. थे फुटलं तं पाणी रायत नाई."

मी डॉक्टरसारखी मान हलवली. आमच्या भागात खाली गेलं की पाणी लागतं. जितकं खोल तितकं पाणी, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर पितो. तिचं बोलणं मी ऐकलं, पण पाहुण्यानं घरातल्या देवाची गोष्ट ऐकावी तसं.

कुरखेडा

दुसऱ्या दिवशी कुरखेड्याच्या कचेरीत बोडीचं काम बघणाऱ्या साहेबांना भेटलो. साहेब तरुण, सरळ माणूस, कूलरसमोर बसून घाम पुसत होता. मी माझी तीस वर्षं त्याला अर्ध्या तासात सांगितली. कोंबडी, अंडं, सगळं. मग कडेचा विषय काढला.

"काका, मला कळतं हो," तो म्हणाला. "मीही मासे खातो. पण अंदाजपत्रकात इतके घनमीटर माती काढायची असं लिहिलंय. कड सोडली की घनमीटर कमी भरणार. तेवढा निधी परत जाणार. खर्च केला तर कुणी विचारत नाही, परत गेला तर मला विचारतात, का केला नाही."

"न खणण्यासाठी काही तरतूद नाही?"

"न खणण्याला रकाना नाही."

वामनभाऊनं माझ्या मांडीला चिमटा काढला, चला म्हणून. पण मला तिथंच सुचलं. मी म्हटलं, साहेब, तुम्हाला माती मोजायची आहे ना? ती कुठून आली हे माती सांगते का? पूर्वेची कड सोडा आणि तेवढीच माती मधून जास्तीची काढा. घनमीटर तेवढेच. निधी खर्च. बायांची कडही राहिली.

साहेब पहिल्यांदाच हसला. "चालेल. मी मोजताना बेरीज बघेन, आकार नाही बघणार."

बाहेर येऊन मी वामनभाऊला म्हटलं, बघ, सरकार असं वाकवायचं असतं. टपरीवर दोन प्लेट भजी खाल्ली. इतकी चविष्ट भजी कुरखेड्यात पूर्वी नव्हती आणि पुढेही होणार नाहीत.

मशीन

पोकलेनवर राजन्ना नावाचा चालक होता, सिरोंचाकडचा. तेलुगू त्याची, हिंदी दोघांची मोडकी. मी केबिनमध्ये त्याच्या बाजूला बसलो. बाया माझ्याआधी आल्या होत्या. त्यांनी पूर्वेच्या कडेला बांबूच्या खुंट्या रोवून त्यांना जुन्या लुगड्यांच्या चिंध्या बांधल्या होत्या, हिरव्या, लाल, जांभळ्या. ही हद्द. शेवंताबाई काठावर उकिडवी बसून होती, शेडला दांडी मारून.

"इसके पार गया तो ये औरत तेरे को खा जाएगी," मी राजन्नाला सांगितलं.

"मेरे को मालूम अन्ना. मेरी भी माँ है," तो म्हणाला.

दिवसभर त्यानं सुंदर काम केलं. हात माझ्याइतका नाही, पण बरा. चिंध्यांपासून हातभर अंतर ठेवून बकेट फिरवायचा. दुपारी एका कोपऱ्यात पिवळी माती दिसली, चिकट, लोण्यासारखी, बकेटच्या दातांना चिकटणारी. मी थांबवला त्याला. शेवंताबाईनं लांबून हात वर केला. संध्याकाळी हिशेबानं अर्धं काम झालं होतं, अर्धं बाकी.

इथंच थांबायला हवं होतं मी. पण वामनभाऊच्या मुलीचं सासर आलापल्लीला, त्यांचं बोलावणं आलं, आणि मला सागवान पाहायचं होतं. राजन्नाला सांगितलं, पीली मिट्टी आई तो रुक जाना. तो म्हणाला, ठीक है अन्ना. तीस वर्षं ज्यानं मशीन चालवलं त्याला माहीत असतं की एकटा चालक पाहुण्याचं ऐकत नाही, मालकाचं ऐकतो. मला माहीत होतं. तरी मोटारसायकल गावात ठेवून एसटीत बसलो.

आलापल्ली

सागाबद्दल काय सांगू. झाडं इतकी उंच की सकाळी शेंड्यावर बसलेला पोपट दुपारी खाली पोचतो. वनखात्याच्या आगारात ओंडके रचलेले, प्रत्येकावर आकडा ठोकलेला, जणू शाळेतली पोरं ओळीनं उभी केलीत. सावलीत उभं राहून मी पहिल्यांदा त्या प्रवासात गार झालो. मुलीच्या सासऱ्यांनी मोहाच्या फुलांचे लाडू दिले, ते खाऊन वामनभाऊ बोलका झाला. लाडूंमुळं का फुलांमुळं ते मी विचारलं नाही.

येताना आष्टीच्या रस्त्यावर लोखंडाच्या दगडाचे ट्रक होते, रांगच्या रांग, आणि दोन्ही बाजूंची झाडं लाल धुळीनं अशी माखलेली की रानात होळी खेळून कुणी घरी जायचं विसरलं होतं. रस्ता कडेला नवीन होता, मध्ये फुटलेला.

"तुले सांगतो," वामनभाऊ म्हणाला. तो एरवी मला तुमी म्हणतो. "माझा बाप दुसऱ्याच्या घरची लाकडं फोडे. मले सरकारच्या वसतिगृहात टाकलं. दोन वेळचा भात, एक चादर, दोन वह्या. त्या भातावर मी खाणीत लागलो, माझी पोरगी नर्स झाली. थो बी सरकारचाच पैसा होता ना?"

"होता."

"मंग थो माझ्या पोटात गेला तं माझाच राह्यला. हा रस्त्यात गेलेला, तलावात गेलेला, हा काऊन नाई राहत कोनापाशी?"

"राहतो की. ट्रकवाल्यापाशी राहतो."

"थेच म्हणतो ना मी." आणि तो खिडकीशी डोकं टेकून झोपला. गडचिरोलीपर्यंत उठला नाही. मी त्या धुळीकडं बघत होतो आणि एक थाप सुचेना.

परत

निघाल्यापासून तिसऱ्या दिवशी सकाळी बोडीवर पोचलो. पूर्वेची कड जशीच्या तशी होती. चिंध्या वाऱ्यावर हलत होत्या, एकही खुंटी पडली नव्हती. सहाही बाया काठावर होत्या, एकीनं माझ्यासाठी ताक आणलं होतं. मध्ये खड्डा होता, सरळ आणि फार खोल. पोकलेन ट्रेलरवर चढवलं जात होतं.

मी गुडघे धरत खाली उतरलो. तळाशी पिवळी माती नव्हती. ती वर काठाबाहेर ढिगात पडली होती, आणि अर्ध्याहून जास्त टिप्परमधून कुणाच्या तरी शेतात गेली होती. पायाखाली तांबडा मुरूम होता. मूठ उचलली तर तो भाजलेल्या रव्यासारखा बोटांतून सांडला. माझ्याकडं पाण्याची बाटली होती. ती मी तिथंच ओतली. जमीन ओली झालेली मला दिसलीसुद्धा नाही.

राजन्ना वरून म्हणाला, "साहब का घनमीटर पूरा करना था अन्ना. किनारा तो छोड़ा ना मैंने?"

किनारा त्यानं सोडला होता. माझ्या शब्दाबाहेर तो एक वीतही गेला नव्हता. कड सोडून मधून भरपाई, ही अक्कल माझी होती.

मी त्याला म्हटलं, ती पिवळी माती परत पसर, तुडव. तो म्हणाला, ट्रेलर लागलंय, शेठनं दुपारी दुसऱ्या गावात बोलावलंय. मी शेठला, म्हणजे मशीनमालकाला, फोन लावला. त्यानं अदबीनं ऐकलं आणि म्हणाला, काम झालं, मोजमाप झालं, आता परत भरायला पैसा कुठल्या खात्यातून आणू ते तुम्हीच सांगा.

वर आलो. शेवंताबाईनं ताकाचा पेला पुढं केला. दुसऱ्या हातात सुकवलेल्या झिंग्यांची पुडी होती, सांगलीला न्यायला.

"झालं ना जी बरोबर?" तिनं विचारलं.

आयुष्यात मी लांबच लांब थापा मारल्या. त्या दिवशीची सगळ्यात आखूड होती.

"एकदम बरोबर," मी म्हटलं.

वामनभाऊ माझ्याकडं पाहत होता. खाणीतला माणूस, मुरूम त्यालाही कळतो. त्यानं गाडीला किक मारली. बल्लारपूरपर्यंत आम्ही खर्रा घोटायला पाच वेळा थांबलो, आणि पाचव्या वेळी मी खाल्ला.

सांगली

पावसाळ्यात वामनभाऊचा फोन आला, बोडी काठोकाठ भरली म्हणून. मी देवाला नारळ फोडला. माझं चुकलं असेल, मुरूमही धरत असेल पाणी, असं मी स्वतःलाच पटवलं, आणि मला पटवणं अवघड नाही, मी माझंच जुनं गिऱ्हाईक आहे. दसऱ्याला फोन आला, अर्धी झाली. दिवाळीत आला नाही.

जानेवारीत मीच शेवंताबाईला फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा मागं बायांचा गलका होता, कुणी तेलुगूत ओरडत होतं आणि शेवंताबाई खोकत होती.

"कोन? पोकलेनवाले भाऊ? बोला ना जी. फोन कानाले नाई लावत, हात मिरचीचे हायेत. बाजूची धरून हाय."

"कुठं आहात?"

"नदीपल्याड. आमी सहाही जनी आलो. बरं हाय, संगं हावो."

मी काहीतरी म्हणालो. पाण्याबद्दल, बोडीबद्दल. शब्द आठवत नाहीत.

"बोडी ना जी आटली. यंदा काय झालं का मालूम. पण कड मातर तुमी मस्त सोडली. असं गवत आलं भाऊ, कमरेएवढं. गावची गुरं तिथीच चरतेत." ती खोकली, मग पुन्हा बोलली, "अन् आयका. नवीन पैसा मंजूर झाला म्हणते बोडीले. तळाले प्लास्टिक टाकनार हायेत, म्हणजे पाणी रायते. तेच शेठ करनार. उन्हाळ्यात मशीन येते. तुमी या ना जी. तुमी राह्यले का थो मशीनवाला आयकते."

मी येतो म्हणालो.